पगाराच्या दिवशी फाटकावर कोण

माझा पहिला पगार झाला तेव्हा मी करी रोड स्टेशनच्या पुलावर होते. २०११ सालचा ऑगस्ट, संध्याकाळची सहाची गर्दी, पुढच्या बाईच्या छत्रीचं पाणी माझ्या पायांवर आणि पर्समध्ये फोन एकदाच थरथरला. त्या पुलावर थांबून मेसेज वाचायची सोय नसते. खाली उतरले, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि दोनदा वाचला. सतरा हजार आठशे. मग त्याच दुकानात शिरले. आईला साडी, बाबांना घड्याळ वगैरे नंतर झालं. आधी चपला. खोटं कशाला बोलू.

त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला माझ्या खात्यात तीनशे बारा रुपये होते.

उधळपट्टी म्हणावी असं मी काहीच केलं नव्हतं. डोंबिवलीला आईबाबांकडे राहत होते, म्हणजे भाडं नाही, किराणा नाही, लाइटबिल नाही. लोकलचा पास सेकंड क्लासचा. तरी पैसे गेले कुठे म्हणून एका रविवारी कागद घेऊन बसले, तर चपला धरून चार हजारांच्या पुढे काही आठवेचना. बाकीचे तेरा-साडेतेरा हजार कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी, पावसात केलेली टॅक्सी, 'चल गं, एकच कॉफी' आणि अशाच कशाकशात विरघळून गेले होते.

आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. एकोणऐंशी वर्षांची. माझ्या कागदाकडे बघून म्हणाली, "पगाराच्या दिवशी फाटकावर कोण उभं होतं?"

मला वाटलं, वय बोलतंय.

आजीची लालबागला खानावळ होती. पाटीबिटी काही नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली, तिच्यात तिचा संसार आणि त्यातच पाळीपाळीनं जेवून जाणारे वीस-बावीस गिरणी कामगार. बायकामुलांना गावी ठेवून आलेले, एकेका गाळ्यात पंधरा-पंधरा जण राहणारे. भोंगा होईल तशी चूल पेटायची. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, पण घर चालायचं ते आजीच्या तव्यावर.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर जत्रा भरायची, असं ती सांगायची. पठाण उभा असायचा. त्याचं व्याज रुपयाला महिन्याला एक आणा. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे हळूहळू गेले, पण व्याज पुढेही बरीच वर्षं आण्यातच बोललं जायचं. ते सोयीचंच होतं. 'शेकडा सव्वासहा' म्हटलं की माणूस विचारात पडतो, 'आणा' म्हटलं की पडत नाही. वर्षाचा हिशेब केला तर पंचाहत्तर टक्के. आणि सावकार काही सगळे पठाण नव्हते. खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, तोही व्याजानं पैसे लावायचा, भुसार दुकानदार वहीत चढवून ठेवायचा. शिवाय गुत्त्यावरचा पोऱ्या, शिवाय आजीसारख्या खानावळवाल्या. आणि थोडं पुढे, पोस्टाच्या खिडकीवर, मनिऑर्डर करणाऱ्यांची रांग.

आजीचं म्हणणं असं की, पाकीट हातात पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात महिन्याचा निकाल लागायचा. जो फाटकातून निघून सरळ पोस्टाकडे वळला, त्याचं नंतर पठाणाशी वाजलं तरी गावची चूल पेटायची. 'आधी यांचं मिटवतो, उरलं की पाठवतो' म्हणणाऱ्याचं कधी उरलंच नाही. दोघांची गिरणी एक, पगार एक, आजीच्या एकाच टोपातली आमटी खाणारे दोघं. "स्वभाव-बिभाव काय नसतं बाय," ती म्हणायची. "फाटकातून कुठच्या अंगाला वळला, तेवढंच."

त्या रविवारी हे सगळं मी ऐकून घेतलं. तेविसाव्या वर्षात लागलेली मुलगी आजीचं ऐकते तसंच, म्हणजे फोनवर गेम खेळत.

माझ्या फाटकावरचा माणूस दोन वर्षांनी आला. ऑफिसच्या लिफ्टजवळ टेबल मांडून, टाय लावून. (ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर. गिरणीच्या जागी काच आली यावर उसासे टाकून झालेत सगळ्यांचे, मी टाकत नाही.) त्यानं मला क्रेडिट कार्ड दिलं. पहिल्या वर्षी फी नाही, वर एक प्रवासी बॅग. मी त्यावर फोन घेतला, मग मैत्रिणींबरोबर गोव्याची तिकिटं काढली. २०१३ च्या मे महिन्यात बिल आलं चाळीस हजारांचं आणि खाली लिहिलेलं: भरायची किमान रक्कम, दोन हजार.

आयुष्यात इतकं समजूतदार कुणी माझ्याशी वागलं नव्हतं. दोन हजार भरले आणि सुटले, असं दोन-तीन महिने केलं. मग एकदा लोकलमध्ये, विंडो सीट मिळालेली असताना, बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचली. महिन्याला साडेतीन टक्के. चाळीस हजारांवर चौदाशे रुपये नुसतं व्याज, त्यावर सेवाकर. म्हणजे दोन हजारांतले जेमतेम सव्वाचारशे मुद्दलात जात होते. आणि खरी मेख वेगळीच होती. पूर्ण बिल भरलं नाही की पुढच्या खरेदीला ती बिनव्याजी पन्नासेक दिवसांची सवलत राहत नाही. कार्ड घासल्या दिवसापासून व्याज सुरू. मी दर आठवड्याला ज्या किराणा मॉलमधून वीस रुपयांचा पाव घेत होते, त्या पावावरसुद्धा.

घरी येऊन आजीला सांगितलं. 'किमान रक्कम' म्हणजे काय ते तिला दोनदा समजावलं. ती हसायला लागली. "पठाणच की गो! तोपण मुद्दल मागायचा नाही कधी. व्याज द्या म्हणायचा, मुद्दल असू द्या तुमच्याकडे."

वर्षाचे बेचाळीस टक्के. पठाणापेक्षा स्वस्त, एवढंच म्हणता येईल.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. ते चिडले नाहीत, तेच जड गेलं. पतपेढीतून चाळीस हजारांचं कर्ज काढतो म्हणाले, वर्षाला बारा टक्क्यांनी. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीन लागतात. त्यांच्या डेपोतले दोन काका, एक निवृत्तीला आलेले, दुसऱ्यांची मुलगी तेव्हा बारावीला, दोघांनी फॉर्मवर सह्या केल्या. माझ्या फोनला दोन जामीन! त्यानंतर तो फोन मी कुणासमोर पर्समधून काढायला लाजायचे. हप्ता बसला अठराशे त्र्याऐंशी रुपये, चोवीस महिने. कार्डाच्या 'किमान' रकमेपेक्षा कमी, आणि संपणारा. हे गणित मांडायला मला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी आधी का काढली नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. बहुधा उत्तर माहीत होतं म्हणूनच काढली नसावीत.

जुलै २०१५ मध्ये हप्ते संपले. आता महिन्याला जवळजवळ दोन हजार सुटणार, त्याचं काय काय करायचं याची माझ्याकडे यादी होती. दोन तारखेला संध्याकाळी दाराची बेल वाजली. तळमजल्यावरच्या काकू, हातात पिशवी, पिशवीत पासबुकं. त्या पोस्टाच्या एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेचं ओळखपत्र गळ्यात, पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायच्या खात्याचे, पैसे घरोघर जाऊन गोळा करतात. त्यांचं चार टक्के कमिशन सरकार देतं, आपल्याकडून एक पैसा घ्यायचा नसतो. "आजींनी बोलावलंय," म्हणाल्या. आजी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलेली.

दोन हजारांची आरडी, पाच वर्षांची. नाही कशी म्हणणार? काकू दारात, आई चहा टाकतेय. पुढची कित्येक वर्षं माझ्या बचतीला शिस्त वगैरे काही कारण नव्हतं. काकू दोन तारखेला येणार आणि पैसे नाहीत म्हटलं तर जिन्यात भेटल्यावर तोंड दाखवायची चोरी, एवढंच होतं. पैशाच्या सवयींवर इंटरनेटवर सल्ला देणारे संकल्प, ध्येय, मनाची ताकद असं खूप बोलतात. माझ्या मनात ताकद कधी नव्हती. पण वेळेवर येणारी एक बाई होती. नंतर काकूंचे गुडघे गेले आणि मी तेच काम बँकेच्या ऑटो-डेबिटला दिलं. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, आणि पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, दोन्ही दोन तारखेला. चालतं ते. पण ऑटो-डेबिट चहा पीत नाही.

आमच्या लेडीज डब्यात भिशीसुद्धा होती. डोंबिवलीहून सकाळची आठच्या आतली फास्ट, बारा जणी, महिन्याला हजार रुपये, चिठ्ठी कल्याणकडून बसून येणारी बाई काढायची. भिशीला ना व्याज ना पावती, आणि कुणी बुडवलं तर तक्रार करायला जागा नाही. शहाण्या माणसानं करू नये असा व्यवहार. मी सहा वर्षं केला. एका वर्षी एकीची चिठ्ठी मार्चमध्ये निघाली आणि मेमध्ये तिची नोकरी सुटली, ती गाडीला येईनाशी झाली. आम्ही अकरा जणी काही न बोलता पालक निवडत राहिलो. एक तारखेच्या पुढच्या सोमवारी ठाण्याला दरवाज्यात एक शाळकरी मुलगा उभा. पाकीट आत सरकवलं, "आईनं दिलंय," म्हणाला आणि गाडी सुटली. सात महिने तो दर महिन्याला येत राहिला.

त्या डब्यानंच मला जेवायचीही सवय लावली, पण उशिरा. त्याआधीचा हिशेब असा: सकाळी उपाशी, अकराला कॅन्टीनचा समोसा, दुपारी मागवलेलं काहीतरी, रात्री साडेनऊला घरी, दहाला जेवण, मग एक वाजेपर्यंत फोन. मुंबईत तरुण माणसाला हे आयुष्य वाटतं, आजार वाटत नाही. २०१८ मध्ये ऑफिसच्या आरोग्य तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी एकोणतीस वर्षांची. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होता का? आजीला होता, आणि तो तिला साठीनंतर झाला होता, बावीस माणसांचं जेवण उभ्यानं रांधून झाल्यावर. मी तीस वर्षं आधी पोचले होते, बसल्या बसल्या.

इथे पुन्हा फाटक आणणार नव्हते, पण टाळताही येत नाही. जिममध्ये वर्षाचे बारा हजार भरले, अकरा वेळा गेले. त्यापेक्षा टिकलं ते साधंच: संध्याकाळी करी रोडला गाडी पकडून दादरला बदलायच्या ऐवजी ऑफिसातून दादरपर्यंत चालत जायचं. पाऊण तास. प्रभादेवीचा पूल, फुलबाजार, मग फलाट. तसंही जायचंच होतं घरी. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी. आणि डब्यातल्या मैत्रिणींनी ठरवून टाकलं की मंगळवारी भाजी मी आणायची, सगळ्यांना पुरेल एवढी. ज्यांना भाजी वाढायची, त्यांच्यासमोर समोसा कसा खाणार? वर्षानं आकडा ५.६ वर आला. डॉक्टर खूश. मला मात्र त्या चालण्यात दादरची मोगऱ्याची वेणी दहा रुपयांना घ्यायची सवय लागली, ती अजून आहे. हिशेबात लिहिते मी ती.

हिशेब लिहिणं आता अवघड झालंय, हेही सांगायला हवं. आजीचे पैसे कनवटीला असायचे, मोजताना नाण्यांचा आवाज व्हायचा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोटाबंदीनंतर ते गल्लोगल्ली पसरलं आणि आता आवाज होतो तो वडापाववाल्याच्या डब्यातून: 'वीस रुपये प्राप्त झाले.' त्याला ऐकू येतं. माझ्या हातातून काही गेल्याचं मला जाणवतही नाही. म्हणून छोट्या खर्चाला मी दर रविवारी एटीएममधून दीड हजार काढते आणि आठवडा त्यात काढते. ऑफिसातली मुलं हसतात. 'ताई, सुट्टे आहेत का?' मात्र मलाच विचारतात.

एक गोष्ट मात्र स्वच्छ बोलायला हवी. माझ्या सवयी मला आईबाबांच्या घरानं परवडवल्या. पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला, हे सूत्र सांगणाऱ्यानं एकदा मुंबईत नोकरीला लागलेल्या, नांदेडहून किंवा साताऱ्याहून आलेल्या मुलाबरोबर खोली शोधत फिरावं. डिपॉझिट, दलाली आणि तीन जणांत भाड्याची वाटणी करून वीस टक्के कुठून काढायचे ते त्याला दाखवावं. चहा सोडा, श्रीमंत व्हा, असं सांगणाऱ्यांचा तर मला रागच येतो. त्या मुलाच्या दिवसात तेवढा एक चहाच त्याचा असतो.

आणि आजीच्या सवयींचं काय झालं, तेही. तिनं भुसारवाल्याच्या वहीतून स्वतःला सोडवलं होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, आजीनं अंगठा सोडून सही शिकली ती त्या फॉर्मसाठी. तांदूळ, डाळ, तेल, चार महिन्यांचं नेहमी घरात असायचं. चार महिने पुरतात, असा तिचा अंदाज. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. चार महिने संपले, तरी जेवणारे येत राहिले, खाली मान घालून. आजी वाढत राहिली आणि वहीत लिहीत राहिली. वर्षभरात पाटल्या गेल्या. एकेक जण गावी निघून गेला. १९८४ मध्ये तिनं खानावळ बंद केली.

ती वही माझ्याकडे आहे. शेवटची अठरा पानं येणे बाकीची, बेरीज अकरा हजारांच्या वर. एका नावापुढे वेगळ्या शाईत लिहिलंय: १९९१, जमा ३४०, आणि खाली 'आंबे एक पेटी'. बाकीच्या नावांवर तिनं रेघ मारली नाही, पण बेरीजही पुढच्या पानावर ओढली नाही. मी विचारलं होतं, जेवायला घालणं थांबवलं असतंस तर पाटल्या वाचल्या असत्या ना? ती म्हणाली, "वाचल्या असत्या." आणि उठून दिवा लावायला गेली.

२०१६ मध्ये ती गेली. तिनं लावलेली आरडी जुलै २०२० मध्ये पिकली: एक लाख एकोणपन्नास हजार तीनशे सहा रुपये. लॉकडाऊन होता, आमच्या ऑफिसनं पगार निम्मे केले होते, बाबा निवृत्त. तोंडाला मास्क लावून मी पोस्टाच्या रांगेत उभी राहिले, खडूनं आखलेल्या गोलात. त्या महिन्यांबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही.

गेल्या जूनमध्ये काकाचा मुलगा नोकरीला लागला. अठ्ठावीस हजार. डिसेंबरमध्ये त्यानं दादरला चहाला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं. फोन उघडून माझ्यापुढे केला. ऑटो-डेबिटची यादी: फोनचा हप्ता, बुटांचा हप्ता (बुटांचा!), 'आत्ता घ्या, नंतर भरा' वाली तीन ॲप, दोन ओटीटी, एक जिम. सगळे पाच तारखेच्या आत. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पाच दिवसांत आठ जण फाटकावर.

मी त्याला भाषण दिलं नाही. ते देणारे पुष्कळ आहेत, आणि मलाही कुणी दिलं असतं तर मी गेम खेळत बसले असते. त्या तीन ॲपांचं मिळून नऊ हजार देणं होतं. ते मी भरते म्हटलं, मला महिन्याला दीड हजार दे, दोन तारखेला, हातात, मी घेऊन जायला येईन. सहा महिने. सातव्या महिन्यापासून तेच दीड हजार पोस्टात. जिम ठेव म्हटलं, जातोस तरी. बुटांकडे बघून काही बोलले नाही; बूट चांगले होते.

त्याला बरं वाटलं असावं. दुसरा चहा मागवला, खारी मागवली. आजी गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा, त्याला तिचं लसूण सोलणं तेवढं आठवतं. मी त्याला फाटकाची गोष्ट सांगितली.

"पण ताई, तो पठाण दिसायचा कसा? काठीबिठी घेऊन?"

काठी असायची, पण ती नंतर. पैसे देताना तो फार अदबीचा, असं आजी सांगायची. उंच, स्वच्छ कपडे, स्वतःचं घर हजार मैलांवर टाकून आलेला. फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ. गाव पाठ. पोराची शाळा कशी चाललीय, विचारायचा. घाई करायचा नाही, गरज असेल तरच घ्या म्हणायचा.

टेबलावर त्याचा फोन उजळला. दोघांनीही खाली बघितलं. मेसेज त्याच्या नावानिशी होता, नावापुढे 'जी'. दोन लाख मंजूर झाले होते. कागदपत्रं नकोत, घाई नाही, गरज लागेल तेव्हा फक्त 'होय' दाबायचं.